मुरगळलेला घोटा

श्रोतेहो, नमस्कार.

खेळताना पाय मुरगळला की बहुतेक जण काय करतात? थोडा बर्फ, वरून क्रेप बँडेज, चार दिवस लंगडणं, आणि सूज उतरली की पुन्हा मैदानात. गडबड होते ती इथंच. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका कितीतरी जास्त असतो.

पाऊल बहुधा आतल्या बाजूला वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात, कधी फाटतातही. हे अस्थिबंध नुसती हाडं बांधून ठेवत नाहीत; पाऊल किती कललंय याची खबर ते मेंदूला देत असतात. दुखणं थांबलं तरी ही खबर पोचण्यातला गोंधळ राहून जातो. मग उडी मारून खाली येताना पाऊल दुसऱ्याच्या बुटावर पडतं आणि सावरायच्या आत घोटा वळलेला असतो. बास्केटबॉल-व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

यावरचा व्यायाम अगदी साधा. भिंतीजवळ अनवाणी उभे राहा, एक पाय उचला आणि अर्धा मिनिट थांबा. खाली बघा: घोट्याभोवतीचे स्नायू थरथरताना दिसतील. हीच तालीम. जमू लागलं की डोळे मिटून करा, तोल गेला तर भिंत आहेच. पुढे एका पायावर उभं राहून चेंडू झेला. जोडीला टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम. पूर्वी पाय मुरगळलेल्यांनी खेळताना ब्रेसही, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, जरूर घालावा. त्यानं घोटा कमजोर होतो, ही भीती मला उगाचची वाटते.

बुटांचं म्हणाल तर धावण्याचे बूट घालून कोर्टवर उतरू नका. ते सरळ पळण्यासाठी असतात, झटकन बाजूला वळताना आधार देत नाहीत.

सुटीनंतर पहिल्याच आठवड्यात जुन्या जोमानं पळू नका. पावलाच्या हाडाला बारीक चीर जाते ती अशीच. दुखरी जागा एका बोटानं नेमकी दाखवता येत असेल, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि मुरगळल्यावर लगेच चोळू नका, कुणाकडून ओढूनही घेऊ नका. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर हाड मोडलेलं असू शकतं. तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढायचा की नाही ते विचारा.