गाडीच्या काचेवर काय लिहिलंय?

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय आणि आजन्म नेमणूक'. विषय मीच दिला होता, तेव्हा तक्रारीला जागा नाही. आधीच सांगून टाकते, मी वकील नाही. तीस वर्षं न्यू जर्सीत औषधांच्या कंपनीत परीक्षानळ्या हलवल्या. कायद्याशी संबंध आला तो एकदाच, चार दिवस, किरकोळ भत्त्यावर. पण त्या चार दिवसांनी जे वेड लावलं ते अजून उतरलेलं नाही. घरच्यांनी ऐकायचं सोडलंय, म्हणून तुमच्यापुढे आले.

गोष्ट २०११ ची. नागरिकत्वाची शपथ घेऊन वर्षही झालं नव्हतं आणि कोर्टाचं पाकीट आलं. आपल्याकडे कोर्टाचं पाकीट म्हटलं की आधी जमीन आठवते, मग चुलते आठवतात. आमचे हे म्हणाले, "तू कुठेतरी गाडी भलतीकडे लावली असणार." आत निघालं ज्यूरीचं बोलावणं, म्हणजे साध्या नागरिकांनी बसून खटल्याचा निवाडा द्यायचा ते काम. अमुक दिवशी सकाळी साडेआठला हजर राहा, नाहीतर दंड. पहिले तीन दिवस रोज पाच डॉलर, चौथ्या दिवसापासून चाळीस. कोर्टाच्या कँटीनमध्ये सँडविच पाच डॉलरहून महाग होतं, हे मी तिथेच लिहून ठेवलं.

मोठ्या हॉलमध्ये दीडदोनशे माणसं. कुणी स्वेटर विणतंय, कुणी घोरतंय. शेजारी एक ट्रक चालवणारा गृहस्थ, पलीकडे शाळेतल्या बाई. मग नंबर पुकारून आम्हाला वरच्या कोर्टात नेलं आणि सुरू झाली तपासणी. निवड होण्याआधी प्रत्येकाला प्रश्न. वर्तमानपत्र कोणतं वाचता? टीव्हीवर काय बघता? घरात कुणी पोलिसात आहे का? पोलीस साक्ष देतोय म्हणून ती तुम्हाला जास्त खरी वाटेल का? याला मी "नाही" म्हणाले. खरं तर "उलट" म्हणायचं होतं, पण नवी नागरिक होते, जीभ आवरली.

आणि मग तो प्रश्न. तुमच्या गाडीवर काही स्टिकर आहे का?

मंडळी, मी हे रचून सांगत नाहीये. न्यू जर्सीच्या ठरलेल्या प्रश्नांच्या यादीत तो आहे. कल्पना अशी की माणूस तोंडाने काहीही सांगेल, गाडीच्या मागे चिकटवलेलं खोटं बोलत नाही. आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर ह्यांनी हौसेने लावलेलं होतं, 'श्री गजानन प्रसन्न'. मी सांगितलं. जज्जसाहेब म्हणाले, याचा अर्थ काय? आता भर कोर्टात गजानन कसा समजावायचा? मी म्हटलं, "देवाची कृपा आहे, असं." त्यांनी विचारलं, "कुणावर? गाडीवर की चालवणाऱ्यावर?" मी म्हटलं, "ती चालवणारे माझे यजमान आहेत, त्यामुळे दोघांवरही लागते." सगळं कोर्ट हसलं. आरोपीचा वकील मात्र हसला नाही. त्याने वहीत काहीतरी टिपून घेतलं. तो काय टिपत होता याचा विचार मी आजही रात्री करते.

तरी मला घेतलं. खटला साधा. गोदामात रात्री शिरून माल नेल्याचा आरोप, आरोपी बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, पुरावा म्हणून एक धूसर चित्रफीत आणि एक रखवालदार. निवाडा बाराजणांनी द्यायचा, पण बसवतात चौदा, कुणी आजारी पडलं तर असावेत म्हणून. आम्ही चौदाजण चार दिवस कान देऊन ऐकत होतो. घोरणारे गृहस्थही जागे होते. माझं मत तयार होत आलं होतं. चित्रफितीतला माणूस डावखुरा होता आणि पोरगा सही उजव्या हाताने करत होता. हे फक्त मलाच दिसलंय अशी माझी खात्री होती. आता आत जायचं, दार लावायचं आणि बोलायचं. तेवढ्यात कारकुनाने एक पेटी फिरवली, दोन चिठ्ठ्या काढल्या. पहिली चिठ्ठी माझी! जज्जसाहेबांनी आभार मानले आणि मला घरी पाठवलं. लग्नात वाढपी पानावर भात वाढतोय आणि तुम्हाला उठवलं, तसं झालं. माझा डावखुरा हात माझ्याजवळच राहिला.

दोन महिन्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, आतल्या बाराजणांचं एकमत झालंच नाही. मग पोराने सरकारी वकिलाशी तडजोड करून धाकटा गुन्हा कबूल केला. म्हणजे निवाडा झालाच नाही, सौदा झाला. आणि हा काही त्या पोराचा अपवाद नाही. २०१२ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रात आकडे दिलेत. केंद्रीय कोर्टांतल्या ९७ टक्के शिक्षा आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. ज्यूरी आपण सिनेमात बघतो तेवढीच.

ज्यूरी म्हटलं की आपल्याला टिळक आठवले पाहिजेत. १९०८ साल, मुंबई हायकोर्ट, नऊजणांची ज्यूरी. सात युरोपियन म्हणाले दोषी, दोन पारशी म्हणाले निर्दोष. टिळकांचं ते वाक्य, ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हायकोर्टात संगमरवरावर कोरलेलं आहे. आपण ते शाळेत पाठ केलं, पण त्यातल्या 'ज्यूरी' या शब्दापाशी कधी थांबलो नाही. सात विरुद्ध दोन अशा मतांवर माणूस मंडालेला गेला! आणि अमेरिकेला हसू नका बरं का, लुइझियाना आणि ओरेगॉन या दोन राज्यांत दहा विरुद्ध दोन मतांवर शिक्षा देता येत होती. लुइझियानाने एकमताशिवाय शिक्षेचा नियम घातला १८९८ च्या घटनेत. हेतू हा, की एखादा काळा माणूस ज्यूरीत आलाच तर त्याच्या मताला किंमत राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने हे बंद केलं २०२० मध्ये.

नानावटींचं तुम्ही विचारणार, मला माहीत आहे, समोरच्या रांगेतले काका मघापासून सरसावून बसलेत. हो, १९५९, नौदलातल्या अधिकाऱ्यावर खुनाचा आरोप, ज्यूरी आठ विरुद्ध एक, निर्दोष, आणि जज्जांना ते पटेना म्हणून प्रकरण हायकोर्टात. तिथे सरकारच्या बाजूने यशवंतराव चंद्रचूड होते. त्या खटल्यामुळे आपल्याकडची ज्यूरी गेली असं आपण एकमेकांना सांगतो. खरं तर विधी आयोगाने आदल्याच वर्षी ती काढून टाका म्हणून सांगितलं होतं. ती आजारी होतीच, नानावटींच्या खटल्यात तिची तिरडी गाजली इतकंच. पारशांच्या घटस्फोटात मात्र अजूनही जज्जाबरोबर समाजाचे प्रतिनिधी बसतात. असो.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटे.' चिठ्ठ्यांचं आणि माझं काही जमत नाही.

तर मुद्द्यावर येते. चार दिवसांच्या कामासाठी, गोदामातल्या चोरीसाठी, मला गाडीवरचं स्टिकर विचारलं. वॉशिंग्टनमध्ये नऊजण बसतात, ३४ कोटींच्या देशाचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना सेनेट एकदा विचारतं, नेमणुकीच्या वेळी. त्यानंतर जन्मभर कुणी नाही. एखाद्या खटल्यातून आपण बाजूला व्हावं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो आमच्या न्यू जर्सीचेच, ट्रेंटनचे. २०२४ च्या मे महिन्यात बातमी आली की जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्या घरासमोर अमेरिकेचा झेंडा उलटा फडकत होता. ट्रम्प हरले ती निवडणूक चोरली गेली म्हणणारे लोक त्या दिवसांत तसाच झेंडा मिरवत होते. ते म्हणाले, झेंडा बायकोने लावला, शेजाऱ्यांशी भांडण झालं होतं. असेलही. बायकोच्या झेंड्याची जबाबदारी नवऱ्यावर टाकायला मी कशी सांगू, माझ्या गाडीवर नवऱ्याचा गजानन होता! पण मला त्याबद्दल एका परक्या माणसाने विचारलं आणि मी राहायचं की जायचं हे त्याने ठरवलं. अलिटोंना अलिटोंनीच विचारलं. २९ मे रोजी त्यांनी खासदारांना पत्राने कळवलं, ट्रम्प यांच्या खटल्यातून मी बाजूला होणार नाही. १ जुलैला सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल आला की माजी राष्ट्राध्यक्षांना अधिकृत कृत्यांसाठी फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण आहे. सहांत ते होते.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर चहाला तुम्ही धराल. याच कोर्टातल्या माझ्या लाडक्या न्यायमूर्ती, रूथ बेडर गिन्सबर्ग. २०१६ मध्ये उमेदवार ट्रम्प यांना त्या मुलाखतीत ढोंगी म्हणाल्या. मग चूक झाली म्हणाल्या, पण खुर्चीवर होत्याच. मी ज्यूरीत असं बोलले असते तर दुपारच्या आत घरी.

आता आजन्माचं, भरभर. घटनेत 'आजन्म' शब्द नाहीच. वर्तन चांगलं असेपर्यंत, एवढंच आहे. हे लिहिलं तेव्हा हेतू चांगला होता, जज्जाने नोकरीच्या भीतीने निकाल देऊ नये. पण माणसं जगायला लागली. क्लॅरन्स थॉमस १९९१ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी आले, ते अजून आहेत. त्यांच्या आधीचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस ३६ वर्षं होते. शेवटी त्यांना झटका आला तरी उठेनात, तेव्हा सहकाऱ्यांनी आपापसांत ठरवलं की ज्या खटल्यात त्यांच्या एका मतावर निकाल फिरेल तो पुढे ढकलायचा. आपले यशवंतराव चंद्रचूड सर्वांत जास्त काळ सरन्यायाधीश, सात वर्षांहून थोडं जास्त, आणि आपण त्याचं केवढं अप्रूप करतो! आपल्याकडे पासष्टाला घरी. न्यू जर्सी राज्यातसुद्धा सत्तरीला जज्ज निवृत्त. जर्मनीच्या घटना न्यायालयात बारा वर्षं.

यातून होतं काय, तर देशाचा कायदा कुणाच्या तब्येतीवर लटकतो. जिमी कार्टर यांना चार वर्षांत एकही नेमणूक मिळाली नाही, ट्रम्प यांना पहिल्या चार वर्षांत तीन. न्यायमूर्ती स्कालिया फेब्रुवारी २०१६ मध्ये गेले, तेव्हा निवडणूक जवळ आलीय म्हणून सेनेटने ओबामांच्या उमेदवाराची सुनावणीसुद्धा घेतली नाही. गिन्सबर्गबाई सप्टेंबर २०२० मध्ये गेल्या, सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. तेव्हा निवडणूक दीड महिन्यावर आणि ट्रम्प यांच्या उमेदवार एमी कोनी बॅरेट निवडणुकीच्या आठ दिवस आधी मंजूर. १९७३ चा गर्भपाताचा हक्क २०२२ मध्ये गेला तो या बेरजेने. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांच्या पोरांना जन्माने नागरिकत्व द्यायचं की नाही, तेही याच नऊजणांच्या हातात. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांपोटी जन्मलेल्या वोंग किम आर्कला याच कोर्टाने १८९८ मध्ये नागरिक म्हटलं होतं.

उपाय मांडलेला आहे. प्रत्येकाला अठरा वर्षं, दर दोन वर्षांनी एक नेमणूक, म्हणजे प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला दोन. बायडेन यांनी जुलै २०२४ मध्ये हेच सुचवलं, आचारसंहितेसह. कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःची संहिता लिहिली आहे, ती कोण पाळायला लावणार ते त्यात नाही. माझी त्यात एक भर आहे. संहितेबरोबर दर वर्षी एक कागद भरून द्यायचा, ज्यूरीला देतात तोच, स्टिकरच्या प्रश्नासकट.

अवघड एवढंच की अठरा वर्षांसाठी घटना बदलावी लागेल असं बहुतेक जाणकार म्हणतात. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं. शेवटची घटनादुरुस्ती मंजूर झाली १९९२ मध्ये. ती मांडली गेली होती १७८९ मध्ये. दोनशे दोन वर्षं लागली.

आणि मला अध्यक्ष दोन मिनिटं द्यायला तयार नाहीत. काका, नानावटींचं बाहेर चहाला बोलू.