जोडीदारासाठी सोडलेला बॉल

मंडळी, आपल्या सोलापुरात संध्याकाळी एखाद्या पूल पार्लरमध्ये, म्हणजे बिलियर्ड्सच्या जातीचा पूल हा खेळ जिथं खेळतात तिथं, डोकावलंत, तर एका टेबलाभोवती बहुधा चार पोरं दिसतील. दोघं विरुद्ध दोघं. तासाचं भाडं हरणारी जोडी भरते. पण ही पोरं डबल्स खेळतात कशी? एकानं बॉल पॉट केला, म्हणजे टेबलाच्या खिशात घातला, की पुढचाही तोच मारतो, चुकेपर्यंत. जोडीदार भिंतीला टेकून मोबाइल बघतो. म्हणजे नाव डबल्स, खेळ एकट्याचाच. आज ज्या स्पर्धेबद्दल बोलायचं आहे, तिथं हे चालत नाही.

स्पर्धेचं नाव वर्ल्ड कप ऑफ पूल. 2006 साली वेल्समधल्या न्यूपोर्टला ती पहिल्यांदा भरली. देशागणिक दोन खेळाडू, 32 जोड्या, एक सामना हरला की सामान बांधायचं. खेळ नाइन-बॉलचा. टेबलावर एक ते नऊ नंबरचे बॉल. काठीनं मारायचा फक्त पांढरा बॉल; तो प्रत्येक वेळी सगळ्यांत लहान नंबरला आधी लागला पाहिजे, आणि नऊ नंबर जो पॉट करेल त्याचा तो डाव. फाउल झाला तर समोरच्यानं पांढरा बॉल हातात घेऊन टेबलावर हवा तिथं ठेवायचा, म्हणजे जवळजवळ डाव गेलाच. हे सगळं नेहमीचंच. खरी गोम पुढं आहे. जोडीतल्या दोघांनी आळीपाळीनं एकेक फटका मारायचा. एक नंबर मी मारला, तर दोन नंबर तुम्ही, तीन पुन्हा मी.

ऐकायला सोपं वाटतं. पण चांगल्या खेळाडूचं अर्धं कौशल्य पॉट करण्यात नसतंच. पॉट झाल्यावर पांढरा बॉल कुठं थांबतो, यात असतं. एकटा खेळणारा तो स्वतःच्या सोयीनं थांबवतो. कुणाला स्क्रू मारून, म्हणजे उलटी फिरकी देऊन, पांढरा मागे ओढायला आवडतं, तर कुणी तो पुढं सरकवून दोन कुशन, म्हणजे टेबलाच्या रबरी कडा, फिरवून आणतो. कुणाला सरळ रेषेतला बॉल हवा असतो, तर कुणाला थोडा कट, म्हणजे तिरका कोन, हवा असतो, कारण कट असला तरच पांढरा पुढच्या बॉलकडे नेता येतो. डबल्समध्ये हे सगळं दुसऱ्याच्या हाताच्या हिशोबानं करायचं. आपल्याकडे यंत्रमागावर पाळी बदलते तेव्हा रात्रपाळीवाला माग कसा सोडून गेलाय, हे दिवसपाळीवाल्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. इथं दर फटक्याला पाळी बदलते. त्यात प्रत्येक फटक्याला घड्याळ लावलेलं, आणि आधीचा फटका जोडीदाराचा असल्यामुळे हाताला लय म्हणून सापडत नाही.

माझं म्हणणं असं, की ही स्पर्धा दोन उत्तम खेळाडूंची नसून एका मुरलेल्या जोडीची आहे. सुरुवातीच्या वर्षांचे निकाल पाहा. 2006 मध्ये फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस आणि फ्रान्सिस्को बुस्तामांते जिंकले. 2009 मध्ये, फिलिपिन्समध्येच, पुन्हा तेच दोघं. 2007 मध्ये चीनचे ली हेवेन आणि फू जियानबो. 2010 मध्ये पुन्हा तेच. 2009 च्या अंतिम सामन्यात रेयेस-बुस्तामांतेंकडून जर्मनीचे राल्फ सूके आणि थॉर्स्टन होहमान हरले. जर्मनीनं पुढंही त्याच जोडीवर भरवसा ठेवला. 2011 चा कप त्यांनीच नेला. आपल्याकडे एक हार झाली की आधी जोडी फोडतात, मग कारणं शोधतात. बॅडमिंटनमध्येही हेच पाहतो आपण.

2006 चा अंतिम सामना तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. समोर अमेरिकेचे अर्ल स्ट्रिकलँड आणि रॉडनी मॉरिस. स्ट्रिकलँड आणि रेयेस यांचं वैर जुनं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या रिनोला दोघं समोरासमोर होते. पाच नंबर आडोशाला गेलेला, पांढऱ्याला सरळ वाटच नाही. रेयेसनी पांढरा दोन कुशनवर आपटून इंग्रजी झेडच्या आकारात फिरवला, पाच नंबर पॉट केला, वर सहा नंबरसाठी जागाही मिळवली. आता विचार करा, असा माणूस जोडीला असेल तर बुस्तामांतेंचा हात किती मोकळा चालेल! आपल्या हातून पांढरा वाईट जागी गेला, तरी हा काहीतरी काढेल, ही खात्री. रेयेसच्या हातातली ही करामत लहानपणीच्या सरावातून आली असणार. काकांच्या बिलियर्ड हॉलमध्ये ते वाढले. टेबलापर्यंत हात पोचत नव्हता तेव्हा कोल्ड्रिंकच्या खोक्यांवर उभं राहून खेळायचे.

आपण कापडाच्या गावात आहोत, म्हणून टेबलाच्या कापडाविषयी दोन शब्द. पूलच्याच घराण्यातल्या स्नूकरच्या टेबलाच्या कापडाला लव असते, एका दिशेनं बसवलेली; हळू जाणारा बॉल त्या लवेनं किंचित वळतो. स्पर्धेच्या पूल टेबलाचं कापड लोकर आणि नायलॉनच्या धाग्याचं, घट्ट विणीचं, लव नसलेलं. आपला टॉवेल बरोबर याच्या उलट टोकाला. त्या गुळगुळीत कापडावर पांढरा बॉल लांब पळतो, म्हणून जोडीदारासाठी तो नेमक्या जागी थांबवणं आणखी अवघड.

भारताच्याही जोड्या या स्पर्धेत खेळल्या आहेत, पण कप आलेला नाही. परंपरा नाही असं मात्र म्हणू नका. स्नूकरचा उगम जबलपूरचा, 1875 चा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. आणि 2022 मध्ये सिंगापूरची जोडी अंतिम फेरीत स्पेनशी खेळली. देश केवढासा, ते बघा! अकरा जण जमवायचे नाहीत, दोघं पुरतात.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: जोडीदार डावखुरा असला तर फायदा होतो का? होतो, पण आपोआप नाही. काही बॉल उजव्या हातानं मारायचे तर टेबलावर ओणवं व्हावं लागतं, नाहीतर रेस्ट, म्हणजे काठीला आधार देणारी दुसरी काठी, घ्यावी लागते. डावखुरा तेच उभ्या उभ्या मारतो. फक्त तो बॉल त्याच्या पाळीत यायला हवा. टेबलावर पाच बॉल उरलेत आणि सुरुवात तुमची, तर क्रमानं गेल्यास पहिला, तिसरा आणि शेवटचा नऊ नंबर तुमचाच. चार उरलेत तर नऊ त्याचा. पहिला फटका मारण्याआधी हे मोजा, आणि अवघड बॉल चुकीच्या हाती जाताना दिसला तर सरळ सेफ्टी खेळा, म्हणजे पॉट न करता समोरच्याला अवघड जागी बॉल सोडा.