सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर: आधी माप, मग दारू

१८७३ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक बाराआधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. त्याच ओढीने सिलिंडर फिरून पुढचा कप्पा नळीसमोर येतो आणि चापाकडे केवळ घोडा सोडण्याचे काम उरते. या रचनेत घोडा खाली असताना त्याचे टोक थेट काडतुसाच्या टोपीवर (बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या भागावर) टेकते, म्हणून सहापैकी पाचच कप्पे भरून घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवण्याचा नियम आजही पाळावा लागतो. रुगर कंपनीने १९७३ मध्ये ट्रान्सफर बार आणला. चाप दाबलेला असेल तरच ही पट्टी घोड्याचा आघात पुढे पोहोचवते. त्याआधीचे रुगर हाती आले, तर कंपनी विनामूल्य करून देत आलेली ही सुधारणा करून घेणे शहाणपणाचे.

नवा मालक बहुधा प्रथम मूठ बदलतो, आणि त्यात गैर काही नाही. हस्तिदंती रंगाची मूठ खरोखरच देखणी दिसते. नेमबाजीच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे काम सिलिंडरच्या तोंडाशी असते. कप्प्यातून सुटलेली गोळी नळीत शिरण्याआधी ज्या अरुंद भागातून जाते, त्याचा व्यास नळीतील आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचांच्या) खोल व्यासापेक्षा किंचित मोठा हवा. .४५ कोल्ट या काडतुसासाठीच्या अनेक रुगर सिलिंडरांत तो उलट लहान आढळतो. अशा वेळी ०.४५२ इंचाची शिशाची गोळी तेथेच दाबली जाऊन बारीक होते, नळीत सैल बसते, तिच्या कडेने तप्त वायू निसटतो आणि आट्यांवर शिसे चढते. असा मालक महिनोन्‌महिने काडतुसातील दारूचे (बारुदीचे) प्रमाण बदलत बसतो, तरी लक्ष्यावरची छिद्रे विखुरलेलीच राहतात. सहाही तोंडे कुशल कारागिराकडून एकसारखी रुंद करून घेतली, की पूर्वीचेच काडतूस बऱ्याचदा नीट चालू लागते. जुन्या कोल्टची गोष्ट वेगळी: दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या नळ्या साधारण ०.४५४ इंचाच्या, नंतरच्या ०.४५१ च्या, त्यामुळे एकीची गोळी दुसरीला मानवेलच असे नाही.

मोजमाप झाल्यावरच काडतूस भरण्याचा विचार करावा, तोही प्रकाशित तक्त्यांच्या मर्यादेत आणि खालच्या प्रमाणापासून वर जात. .४५ कोल्टची पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) मुळात ४० ग्रेन (वजनाचे छोटे एकक) काळ्या दारूसाठी घडवलेली असल्यामुळे आजच्या धूरविरहित दारूचे थोडे प्रमाण तिच्यात सैल पडून राहते. नळी वर-खाली झाली, की दारू टोपीपाशी किंवा गोळीपाशी सरकते आणि वेगात फरक पडतो. पुंगळी अधिक भरणारी, जाडसर दारू येथे उपयोगी पडते. पुंगळीची कड गोळीच्या खाचेत घट्ट वळवलेली असावी. नाहीतर धक्क्याने शेजारच्या कप्प्यातील गोळी पुढे सरकून सिलिंडर अडकते.

स्थिर माशीच्या (नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा उंचवटा पक्का बसवलेल्या) रिव्हॉल्व्हरवर आणखी एक बंधन असते. जड, संथ गोळी नळीत अधिक काळ राहते. तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड उचलले जाते आणि गोळी वर लागते. हलकी, वेगवान गोळी खाली लागते. म्हणून माशी घासण्याचे काम काडतूस कायम ठरल्यानंतरच करावे: घासल्याने मारा वर सरकतो, पण तो पुन्हा खाली आणायचा तर नवीच माशी बसवावी लागते.