किती पेता जी?

(पोळ्याच्या आठवड्यात नागपुरातल्या एका वस्तीच्या समाजभवनात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

परवा पोळा, तेरवा मारबत. काळी आणि पिवळी मारबत, या पुतळ्यांची मिरवणूक निघेल, मागे वाईट गोष्टींची सोंगं घेतलेले बडगे निघतील, आणि आपण सगळे घसा फोडून ओरडू, ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ दारूवरचा बडग्याही मी पाहिला आहे, गळ्यात रिकाम्या बाटल्यांची माळ घातलेला. तो पाहून, टाळ्या वाजवून लोक घरी जातात. त्या दिवशी कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, असते. करीला मटण, आणि मटणासोबत काय, ते मी सांगायला नको. हसताय म्हणजे ठाऊक आहे. मंडळानं मुद्दाम हाच आठवडा निवडला, म्हणूनच बहुतेक मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसताहेत.

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत माझी बरीच वर्षं गेली. माझा पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती पेता जी?’ उत्तरंही ठरलेली. ‘थोडीशी.’ ‘कधीमधी.’ ‘मी काही बेवडा नाही जी, फक्त बियर पेतो.’ नवीन होतो तेव्हा हे सगळं कागदावर लिहून घ्यायचो. पुढे शहाणा झालो. उत्तर येत असताना मी शेजारच्या स्टुलावरच्या बाईकडे पाहू लागलो. ती छताच्या पंख्याकडे पाहत असते.

‘फक्त बियर’चा हिशोब आधी करू. विदेशी दारूच्या बाटलीवर 42.8 टक्के असं छापलेलं असतं. 30 मिलिलिटरचा छोटा पेग घेतला की साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल पोटात गेलं. स्ट्राँग बियरची मोठी बाटली 650 मिलिलिटरची, तिच्यात 8 टक्के धरा. गुणाकार केला की 52 मिलिलिटर अल्कोहोल, म्हणजे वजनात 41 ग्रॅम येतात. एका बाटलीत चार पेग! ‘दोनच बियर’ म्हणणारा आठ पेग रिचवून उठलेला असतो आणि 180 मिलिलिटरचा पव्वा मारणारा सहा. तेव्हा बियरवाल्यानं पव्वेवाल्याला नावं ठेवू नयेत.

हे उतरतं कधी? यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. त्याला घाई करता येत नाही. लिंबू पाजा, काळी कॉफी पाजा, थंड पाण्याच्या बादल्या ओता, तुम्हाला ओला झालेला नशेतला माणूस मिळेल. रात्री अकराला दोन बियर संपवलेला माणूस सकाळी सातलाही पुरता कोरा असेलच असं नाही. सातला तो काय करतो? कधी कधी शाळेची ऑटो चालवतो. कायद्यानं 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही हद्द घातली आहे, मग तुम्ही काल प्यालात की आज, हे कायदा विचारत नाही.

दुसरं वाक्य, ‘सगळेच पेतात.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 वर्षांवरच्या पुरुषांत पिणारे निघाले साधारण 19 टक्के. शंभरात एक्याऐंशी पीत नाहीत. पण पिणाऱ्याच्या टेबलावर चौघंही पिणारेच असतात, म्हणून त्याला सगळं जग तसंच दिसतं.

यकृत हा फार सोशिक अवयव आहे. आतून दुखायला त्याला नसाच नाहीत. चरबी साठते, दुखत नाही. या टप्प्यावर दारू बंद केली तर काही आठवड्यांत चरबी उतरू शकते, हे मी पेशंटला आवर्जून सांगतो, कारण आमच्याकडे चांगल्या बातम्या कमीच असतात. नाही थांबला तर पुढे सूज येते, मग सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन बसतं. पोटात पाणी भरतं, डोळे पिवळे होतात, एके रात्री रक्ताची उलटी होते आणि मेडिकलला किंवा मेयोला, आपल्या सरकारी दवाखान्यांत, धावाधाव. नातेवाईक म्हणतात, ‘अचानकच झालं हो.’ अचानक कळलं, एवढंच खरं.

आणि आपला सुपारी-तंबाखूचा खर्रा. दारू आणि तंबाखू यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका दोन्ही सोबत असले की कितीतरी वाढतो. दारूला कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे पुराव्यानिशी ठरलेल्या, गटात 1988 मध्येच टाकलेलं आहे. अमुक इतकी चालते, अशी सुरक्षित मात्राच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं.

पण रक्ताचा रिपोर्ट बिघडण्याच्या कितीतरी आधी एक माप घरात तयार झालेलं असतं. बायकोचं माप किराण्याच्या उधारीच्या वहीत असतं. मुलांचं वेगळं. आठवीतल्या एका पोरानं मला सांगितलं, ‘बाबा गाडी स्टँडवर लावतात ना, त्याच्या आवाजावरून कळते. एका झटक्यात लागली तर ठीक. तीनदा आवाज आला की आम्ही लाइट बंद करून झोपल्याचं सोंग करतो.’ अंधारात डोळे मिटून पडलेली ती दोन भावंडं, याहून अचूक तपासणी माझ्याकडे नाही.

हे माप असूनही घर ते लपवतं. कंपनीत फोन करून ‘ताप आहे’ सांगायचं ते तिनंच. सासरी, माहेरी, शेजारी, सगळीकडे तिनंच सांभाळून घ्यायचं. मी तिला दोष देत नाही. नवरा पितो याची लाज नवऱ्यापेक्षा बायकोलाच जास्त वाटावी, अशी आपण व्यवस्थाच केली आहे. त्यात दवाखाना मात्र पाच-सात वर्षं लांबतो. आणि मार खात असेल, तर तिनं ‘तो पिऊन होता’ हे कारण स्वीकारू नये. बाहेर पोलिसासमोर हाच माणूस हात आवरून असतो, हे तिनं पाहिलेलं असतं.

आता सोडण्याबद्दल. इथं जरा सांभाळून ऐका. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम बंद करू नका. दारू मेंदूला ब्रेक लावून ठेवते, म्हणून मेंदू सतत ॲक्सिलरेटर दाबून बसतो. ब्रेक निघाला की पहिल्या दिवशी हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माणूस बरळतो, अंगावर किडे चालताना पाहतो. घरचे समजतात बाहेरची बाधा झाली, आणि दवाखान्याऐवजी भलतीकडे नेतात. यात माणूस मरूही शकतो. दवाखान्यात हेच पाच-सात दिवस औषधं आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन सुखरूप पार पडतात.

भिंतींवर जाहिराती दिसतात, ‘न सांगता दारू सोडवा.’ जेवणात गुपचूप मिसळायची पुडी. तिच्यात काय आहे, देणारीला ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं दारू सोडवण्याचं औषध असेल आणि वरून नवरा प्यायला, तर अल्कोहोलपासून होणारं विष शरीरात साठतं, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आम्हीही हे औषध देतो, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. फोन घरच्यांनीही करावा.

वर्धा जिल्ह्यात बंदी आहे, चंद्रपुरात 2015 ला आली नि 2021 ला गेली, मग बंदी चांगली की वाईट, असं चिठ्ठीत कुणी विचारलंय. त्यावर दुसरी सभा घ्या, मी येईन. आज मला एका कॅलेंडरचं सांगायचं आहे.

एक बाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायची. त्यातच, नवरा पिऊन आला की तारखेभोवती पेन्सिलीनं बारीक गोल करायची. कुणाला दाखवायला नाही, तिची तिलाच सवय. मी म्हटलं, पुढच्या वेळी तेच पान आणा. तिनं आणलं. ‘कधीमधी’ म्हणणाऱ्या नवऱ्यासमोर टेबलावर पसरलं. बावीस गोल होते. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग चिडून म्हणाला, ‘साहेब, हे दोन गोल खोटे आहेत जी. बारा तारखेले अन् एकोणीसले मी पेलोच नव्हतो.’

मी म्हटलं, ‘बरं, मग वीस लिहू?’

तो म्हणाला, ‘लिहा.’