रायफल सगळ्यात शेवटी घ्या

(ठाण्यात नवे नेमबाज आणि त्यांचे पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत येताना दारातच एका काकांनी मला विचारलं, "मॅडम, काडतुसं घरी भरली तर खर्च निम्म्यावर येतो म्हणे, खरं का?" हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. परदेशातले व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेले असतात. तेव्हा आधी त्याचंच उत्तर देते.

काडतुसाचे भाग चार: पितळी कवच, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडावर गोळी. गोळी सुटली की कवच तेवढं हातात राहतं. चौघांत बहुधा तेच महाग, आणि तेच पुन्हा वापरता येतं. म्हणून अमेरिकेसारख्या देशांत हौशी लोक ते साफ करतात, साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात, नवा प्रायमर बसवतात, दारू तोलून घालतात आणि वर नवी गोळी बसवतात. तिथे हा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे. घरी काडतूस भरायचा विचार डोक्यातून काढून टाका. त्यात पळवाट शोधू नका.

आणि ज्या खेळासाठी तुम्ही मुलांना आणता, त्यात त्याची गरजही नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात, कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत पॉइंट टू टू चं, म्हणजे ०.२२ इंची, काडतूस लागतं. त्यात वेगळा प्रायमर नसतोच. ठिणगी पाडणारा मसाला कवचाच्या बुडाच्या काठात भरलेला असतो आणि पिन त्या काठावर आपटते. एकदा चेपलेला काठ पुन्हा कामाचा राहत नाही. त्यामुळे मोठ्यातला मोठा नेमबाजही ते भरत बसत नाही. तो वेगवेगळ्या बॅचची काडतुसं आपल्या नळीतून मारून बघतो आणि जी बॅच सगळ्यात घट्ट ग्रुप, म्हणजे छिद्रांचा गुच्छ, देते तिचा साठा करतो.

तरीही काडतूस भरणाऱ्यांकडून एक गोष्ट घ्यायलाच हवी. पैसे वाचतात हे खरं, पण त्यांची मेहनत मुख्यतः एकसारखेपणासाठी असते. पहिल्या गोळीसारखीच पन्नासावी जावी, एवढ्यासाठी ते दारू कणाकणानं तोलतात. तुमचं मूल १० मीटर एअर रायफलपासून, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलपासून, सुरुवात करणार, आणि तिथेही हाच नियम लागू आहे.

थोडे आकडे सांगते, कारण त्याशिवाय पैसे कुठे घालायचे हे कळणार नाही. १० मीटरवरच्या टार्गेटचा मधला, दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट, म्हणजे शिशाचा छर्रा, साडेचार मिलिमीटरचं, वजन साधारण अर्धा ग्रॅम, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. टार्गेटपर्यंत पोचेतो ते जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर खाली येतं. साईट, म्हणजे रायफलवरची नेम धरायची खूण, त्या हिशोबानं लावलेली असते, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. आता समजा एखादं पेलेट एक टक्का हळू गेलं. ते सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर आणखी खाली लागेल. दशांश गुणांच्या पद्धतीत एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणजे नेमबाजाची काही चूक नसताना एका शॉटचे गुण १०.७ वरून १०.६ किंवा १०.५ वर येतात. साठ शॉट्सच्या मॅचमध्ये असे दशांश साचत जातात आणि फायनलच्या आठ जणांत जागा मिळणार की नाही ते त्यावर ठरतं.

हे ऐकून काही पालक लगेच महागडी जर्मन पेलेट्स आणतात. डब्यावर ४.४९, ४.५० अशी डोक्याची मापं लिहिलेली असतात, त्यांवर घरी तासभर चर्चा होते. माझं म्हणणं, सध्या थांबा. पहिल्या वर्षी मुलाची रायफल टार्गेटवर सेंटिमीटरभर, कधी दोन सेंटिमीटर हलत असते. तिथे एक तृतीयांश मिलिमीटर कुठे शोधणार? पेलेट एकसारखं असण्याआधी उभं राहणं एकसारखं व्हायला हवं, आणि ते शिकायला पैसे फारसे लागत नाहीत.

उभं राहणं म्हणजे काय ते दाखवते. नीट बघा. (वक्त्या मंचावर उभ्या राहून दाखवतात.) पाय खांद्याएवढ्या अंतरावर, डावा खांदा टार्गेटकडे. डावं कोपर हवेत तरंगत नाही, ते पोटाच्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या वर टेकलंय. रायफलचं वजन मनगटातून कोपरात, कोपरातून कमरेत आणि तिथून पायात उतरतं. हाड थकत नाही, स्नायू थकतो. मुलगा दंड ताठ करून रायफल धरून बसला तर विसाव्या शॉटला हात थरथरणारच. आता मी डोळे मिटते, दोन श्वास घेते, उघडते. रायफल टार्गेटच्या उजवीकडे गेली. अशा वेळी हातानं ओढून ती मध्ये आणायची नाही. मागचा पाय बोटभर सरकवायचा, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा बघायचं. डोळे उघडल्यावर रायफल आपोआप काळ्या गोलाकडे बघत असेल, तेव्हाच पेलेट भरायचं. मोठे नेमबाज मॅचच्या आधीच्या सरावाच्या वेळात हेच करतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही.

म्हणून खर्चाचा क्रम माझ्या मते असा. आधी चांगली रेंज आणि वेळ देणारा कोच. फी भरा आणि क्लबची रायफल वापरा. पहिले सहा महिने तरी स्वतःची घेऊ नका. नव्या मॅच रायफलची, म्हणजे स्पर्धेच्या रायफलची, किंमत दोन-तीन लाखांत जाते, आणि सहा महिन्यांत मुलाचा हात, मान, कधी कधी आवडसुद्धा बदलते. रेंजवर गेल्यावर अर्धा वेळ पेलेट न भरता ट्रिगर दाबायचा सराव करा. मॅच रायफलमध्ये त्याची सोय असते. स्प्रिंगच्या साध्या एअरगनवर मात्र हे करू नका, रिकामा पिस्टन आपटून आतले भाग खराब होतात. ट्रिगर सुटतानाही साईट हलली नाही, हे ज्याला रिकाम्या रायफलवर दिसतं, त्याचे गुण पुढे आपोआप वाढतात. आणि यात पेलेटचा खर्च शून्य.

घरी काय करायचं? ओळखीच्या सुताराकडून रायफलच्या आकाराची लाकडी डमी करून घ्या. वजन साडेतीन-चार किलो पुरे. नियमात रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण वाढत्या वयाच्या पाठीवर तेवढा भार नको. ठाण्यातल्या वन बीएचकेत हॉल आणि पॅसेज मिळून पाच मीटर सहज निघतात. अंतर निम्मं, तर टार्गेटही निम्मं. खऱ्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, तुम्ही साधारण १५ मिलिमीटरचा काळा ठिपका नळीच्या उंचीला भिंतीवर चिकटवा. रोज वीस मिनिटं उभं राहायचं, बस्स.

लहानसहान वस्तूंत बरेच पैसे वाचतात. न वापरणाऱ्या डोळ्यासमोर पट्टी लागते, कारण डोळा मिटून धरला की चेहराभर ताण येतो. जाड पांढऱ्या कागदाची पट्टी कापा, रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, तो नियम आहे. रायफल खाली ठेवलेली असताना नळीतून आरपार जाणारी भडक रंगाची दोरी घालावी लागते. नळी रिकामी आहे हे त्यामुळे लांबूनही दिसतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी, नारंगी रंगाची, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. नळीत सैल जाईल अशी बघून घ्या. ही दोरी नसेल तर माझ्यासमोर कुणीही रायफल टेबलावर ठेवायची नाही, मग तो कितीही जुना नेमबाज असो.

त्यानंतर जॅकेट. रायफलच्या आधी जॅकेट घ्या असं मी ठामपणे सांगते. रायफल क्लबची चालते, पण जॅकेट ज्याचं त्याच्या अंगाचंच लागतं. कॅनव्हास आणि चामड्याचं हे जॅकेट पाठीला आधार देतं आणि हृदयाचे ठोके रायफलपर्यंत कमी पोचू देतं. जुनं घ्यायला हरकत नाही, कारण मुलं वाढतात आणि दोन वर्षांत बरीच जॅकेटं विक्रीला निघतात. फक्त दोन गोष्टी बघा. एक, बटणं लावल्यावर एक पल्ला दुसऱ्यावर आणखी ७० मिलिमीटर सरकला पाहिजे. तेवढं सैल नसेल तर तपासणीत अडवतात. दोन, कोपरं आणि खांद्याकडचं कापड मऊ पडलेलं नसावं. आपल्याकडे पावसाळा हा जॅकेटचा शत्रू. जून ते सप्टेंबर चामड्यावर बुरशी येते आणि कॅनव्हास ढिला पडतो. घडी घालून कपाटात कोंबू नका. रुंद हँगरवर, पंख्याच्या वाऱ्यात लटकवा. मुलाला ते घालून लोकलनं यायला लावू नका, घामानं ते महिन्यात मरतं.

मग पेलेट्स. आता आपण काडतूस भरणाऱ्यांच्या गावात आलो. हे आकड्याचे डबे ज्याच्या कामाचे, तो मुलगा अजून तुमच्या घरात नाही, तो वर्षभरानं येईल. तेव्हा चार वेगवेगळ्या डब्यांतली दहा-दहा पेलेट्स मागून घ्या, रायफल टेकून आपल्या नळीतून मारा आणि छिद्रांचा गुच्छ कुणाचा लहान येतो ते बघा. डब्याच्या किमतीवरून अंदाज बांधू नका, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. जो डबा पसंत पडेल त्याच बॅचचे पाच-सहा डबे एकदम घ्या. सरावाला साधी पेलेट्स, मॅचला ही. भरण्याआधी प्रत्येक पेलेट उलटं करून त्याचा मागचा घोळ बघायचा. काठ जरा जरी चेपलेला असेल तर ते बाजूला. डबा खाली पडला तर वरच्या थरातली बरीचशी चेपतात. ती सरावाला वापरा, टाकू नका. डबा घट्ट बंद ठेवा आणि आत सिलिकाची पुडी टाका, नाहीतर आपल्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते.

शिसं म्हटलं की आयांशी मला स्वतंत्र बोलायचं आहे. पेलेट तोंडात धरून भरायची सवय काही मुलांना लागते. ती पहिल्याच दिवशी मोडा. रेंजवर खाणं नाही, आणि बाहेर पडल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही. शिसं हळूहळू अंगात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूला जास्त बाधतं. यात मी कुणालाही सूट देत नाही.

कायद्याचं उरलेलं सांगून टाकते. साडेचार मिलिमीटर कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफलची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास असते. पण परवाना लागत नाही म्हणजे ती खेळणं होत नाही. सोसायटीच्या गच्चीवर, खिडकीतून, कबुतरांवर ती चालवणारा माझ्याकडे शिकू शकणार नाही. प्रवासात रायफल कुलपाच्या पेटीत, सोबत बिल आणि क्लबचं ओळखपत्र. स्टेशनवर कुणी कुतूहलानं विचारलं तरी पेटी उघडायची नाही.

"एवढं करून ठाण्यातून पुढे जाता येतं का?" असंही काकांनी विचारलं होतं. रुद्रांक्ष पाटील ठाण्याचाच. २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघानं १८९३.७ च्या जागतिक विक्रमासह सुवर्ण जिंकलं, त्या संघातही तो होता. खाडीपलीकडे पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर कित्येक वर्षं मुलं घडवत आहेत. चांगलं शिकवणारी माणसं आपल्या लोकलच्या अंतरावर आहेत. आधी त्यांच्याकडे जाऊन बसा, दुकानात नंतर जा.

शेवटी जुन्या रायफलबद्दल, कारण वर्ष-दीड वर्षानं तुम्ही त्या शोधणारच. नळी आणि ट्रिगर सगळे बघतात. तुम्ही हवेचं सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख बघा. आत २०० बार दाब असतो, आणि सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि वापरणं धोक्याचंही आहे. विकणारा म्हणेल अजून उत्तम चालतं. तुम्ही नव्या सिलिंडरची किंमत आधी विचारून ठेवा आणि तेवढी रक्कम सौद्यातून वजा करा. तो तयार नसेल तर क्लबची रायफल आहेच.