शीवानची मातीची माणसं

(दृश्य: लाकडी मेज. वीतभर उंचीचा, मातीचा म्हातारा कोळी. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ जातो.)

या कोळ्याच्या अंगावरचा झगा बघा. हिरवा-निळा, काचेसारखा चकाकणारा. आणि आता चेहरा बघा. त्यावर झिलईचा थेंबही नाही. हात कोरे, पावलंही कोरी. भाजलेल्या मातीचा तांबूस-तपकिरी रंग हीच त्याची कातडी, उन्हात रापलेली.

काम अर्धवट सुटलंय असं वाटेल. तसं नाही. जाड झिलई भट्टीत वितळते, ओघळते आणि बारीक रेघा बुजवून टाकते. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, दाढीचे केस, बोटांची पेरं जशी कोरली तशीच राहावीत म्हणून कारागीर तेवढी जागा मोकळी सोडतो.

हा कोळी दक्षिण चीनमधला, ग्वांगडोंग प्रांतातल्या फोशान शहरातला. तिथला शीवान भाग म्हणजे शतकानुशतकांचा कुंभारवाडा. अशा मूर्तींना कँटनी भाषेत 'गुंगजाय' म्हणतात, म्हणजे बाहुल्या.

(दृश्य: चढावर पसरलेली लांबलचक भट्टी.)

ही नानफंग भट्टी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली आणि आजही पेटणारी. टेकडीच्या उतारावर अजगरासारखी पडलेली असते, म्हणून तिला 'ड्रॅगन भट्टी' म्हणतात. विस्तव खालच्या तोंडाशी पेटवायचा. धग आपसूक वर चढत जाते. पाठीवरच्या भोकांतून मधूनमधून लाकूड टाकत राहायचं.

शीवानच्या कुंभारांनी देवळांची छपरंही माणसांनी भरली. फोशानच्या पुरातन मंदिरावर १८९९ साली बसवलेली मूर्तींची रांग आजही आहे. त्या मूर्ती किंचित पुढे झुकलेल्या आहेत, कारण बघणारा खाली अंगणात उभा असतो.

आणि याच हातांनी बोटाच्या पेराएवढी माणसंही घडवली. ती कुंडीतल्या ठेंगण्या झाडाखाली ठेवायची. शेजारी एवढासा माणूस बसला की वीतभर झाडाचा वटवृक्ष होतो!

(दृश्य: हातमोजे घातलेले हात मूर्ती उलटी करतात.)

संग्रह करणाऱ्यानं मूर्ती आधी उलटी करावी. तळाशी इंग्रजी अक्षरांत 'चायना' असा ठसा दिसतो? अमेरिकेनं १८९० साली कायदा केला आणि आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं. पुढे १९५० पासून १९७१ पर्यंत अमेरिकेनं चिनी मालाची दारंच बंद ठेवली. म्हणून हा ठसा मूर्तीच्या वयाचा माग देतो. पण नुसत्या ठशावर वय ठरवू नका. इतर देशांत गेलेल्या मूर्तींवर तो नसूही शकतो, आणि ठसा काय, कुणीही मारू शकतं. मी स्वतः अशीच एक 'शंभर वर्षं जुनी' मूर्ती घेतली होती. घरी आणून मानेभोवती नख फिरवलं, तर सांधा हाताला लागला. डोकं दुसऱ्याच मूर्तीचं होतं. तेव्हापासून मी आधी मान तपासतो, मग बोटं, मग कोळ्याच्या हातातला गळ. तुटतं ते आधी तिथंच.

(दृश्य: दाढीवाला, मोठ्या डोळ्यांचा भिक्षू.)

हा पाहुणा आपल्याकडचा. बोधिधर्म. चिनी लोक त्याला 'दामो' म्हणतात. परंपरा सांगते की तो भारतातून समुद्रमार्गे आला आणि ग्वांगझौला उतरला, म्हणजे फोशानच्या अगदी शेजारी. शीवानच्या कुंभारांचा तो फार लाडका. लिऊ चुआन (१९१६–२०००) यांच्यासारख्या थोर कारागिरांपासून बिननावाच्या हातांपर्यंत कितीजणांनी तो घडवला असेल! जाड भुवया, वटारलेले डोळे, रुंद नाक. चिनी मातीत ते परकेपण त्यांनी किती मायेनं जपलंय.

(दृश्य: पुन्हा कोळी, उलटा धरलेला. उजेड आतल्या पोकळीत पडतो.)

माझ्या कोळ्यावर कुणाचीही सही नाही. आतून तो पोकळ आहे. पाठीच्या आतल्या बाजूला, जिथं ओली माती दाबून बसवली, तिथं एक खोलगट खळगा आहे. माझा अंगठा त्यात नेमका बसतो.