पाठीची माती

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय तो असा : ‘घरच्याच मैदानावर लढणाऱ्या बॉक्सिंग चँपियनला कमी मार्क द्यावेत का?’ मार्क म्हणजे थोरवीचे, लढतीतले नव्हेत. मागच्या व्याख्यानाला हॉल भरला होता म्हणे. विषय मधुमेह होता. आज चाळीसेक माणसं दिसतायत, त्यातली निम्मी पंख्याखाली. असू दे. सोलापूरचा एप्रिल आहे, माणूस पंख्यासाठी बॉक्सिंगही ऐकेल.

बॉक्सिंगकडे येतो, पण कुस्तीच्या वाटेने. मला दुसरी वाट माहीत नाही.

आमचं गाव दक्षिण सोलापुरातलं. नाव सांगत नाही, कारण त्या वेळचे पंच गेले असले तरी त्यांची नातवंडं आता पुढारी आहेत. गावच्या यात्रेत मी पाच वर्षं एकही कुस्ती हरलो नाही. टाळ्या नकोत, पुढचं ऐका. इथे शहरातल्या तालमीत वस्ताद मला रोज चार वेळा आस्मान दाखवायचे. आणि गावात मी अजिंक्य! हे कसं, असा प्रश्न मला त्या वयात पडला नाही. कुणालाच पडत नाही.

१९७८ साली माझी शेवटून दुसरी जोड लागली. इनाम ५०१ रुपये. समोर विजापूरकडचा एक पैलवान, कन्नड बोलणारा, माझ्याहून चार बोटं बुटका. पंच तीन. एक सरपंचांचे भाऊ. दुसरे, ज्यांच्या इंजिनावरून फडाला पाणी आलं होतं ते. आणि तिसरा माझा सख्खा मामा.

खडाखडी झाली. त्याने पट काढला, मागे गेला आणि असा घिस्सा ओढला की मला आभाळ दिसलं. स्वच्छ. एक घार फिरत होती, ती मला अजून आठवते. पैलवानाला घार दिसली म्हणजे निकाल लागला, त्याला पंच लागत नाही. हलगी थांबली. हलगीवाल्याला सगळ्यात आधी कळतं बरं का, त्याच्यावर एक वेगळं व्याख्यान होईल, अध्यक्षांनी मनावर घेतलं तर. एवढ्यात मामाची शिट्टी : “कडेला गेली! मधी घ्या!”

घेतली मधी. पुन्हा पाव तास रेटारेटी, ऊन उतरलं आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. त्या पैलवानाला मराठी फारसं येत नव्हतं. त्याने वाद घातला नाही. माझा दंड धरला, मला गर्रकन फिरवलं आणि माझी पाठ लोकांना दाखवली. दोन्ही खांद्यांवर माती. मागून कुणीतरी ओरडलं, “घामानं चिकटली असंल!” लोक हसले. मीही हसलो. ५०१ चे दोन सारखे भाग होईनात, म्हणून अडीचशे-अडीचशे वाटले आणि उरलेला रुपया देवाच्या पेटीत टाकला. देवही वाट्यात आला.

रात्री आई पाठीवर पाणी ओतत म्हणाली, “बरोबरीत सुटली म्हंतोस, मग दोन्ही खांद्यांना माती कशी रं?” म्हटलं, मामाला इचार. ती गप्प झाली. भाऊ तिचाच होता.

आता सोल. १९८८ चं ऑलिंपिक, बॉक्सिंगची अंतिम लढत. अमेरिकेचा रॉय जोन्स आणि यजमान कोरियाचा पार्क सी-हुन. आपल्या सोलापूरच्या पार्क मैदानाशी या पार्कचा संबंध नाही. असता तर तिथल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ पाचवा उभा राहिला असता. जोन्सचे ठोसे लागले ८६, पार्कचे ३२. पाच पंचांपैकी तिघांनी पार्कला जिंकवलं. गंमत पुढेच आहे. त्या स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून करंडक कुणाला दिला? हरलेल्या जोन्सला! म्हणजे इनाम पाहुण्याला आणि निकाल मामाचा. ही लढत मी टीव्हीवर पाहिली नव्हती, पेपरात वाचली. वाचताना पाठ खाजली.

घरच्या मैदानाचं कौतुक आपल्यालाही कमी नाही. क्रिकेटमध्ये घरच्या सलग १८ कसोटी मालिका आपण जिंकल्या, आणि २०२४ साली न्यूझीलंडने येऊन तीनही कसोट्या जिंकल्या. पुण्यात फिरकीला मदत करणारी खेळपट्टी केली आपण, आणि तिच्यावर १३ बळी घेतले त्यांच्या सँटनरने. म्हणजे घर नेहमी पावतंच असं नाही. आपला विजेंदर सिंग तर इंग्लंडमध्ये जिंकला, दिल्ली-मुंबईत जिंकला, अमेरिकेत जिंकला आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पहिल्यांदा हरला तो २०२१ साली, गोव्यात, कॅसिनोच्या बोटीवर. घरचीच बोट...

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे’. मला वाटलं कुणाचा तरी प्रश्न आहे.

बरं, भरभर घेतो. मातीच्या कुस्तीत पाठ साक्ष देते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये समोरचा झोपला तर ठीक, नाहीतर तीन पंच कागदावर आकडे मांडतात. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ, अशा बारा फेऱ्या. साक्षीदार तेच आणि न्यायाधीशही तेच, कानात गावाची आरोळी. म्हणून चँपियन कुठे लढला हे मी विचारत नाही. किती वेळा कागदावर जिंकला आणि पंच कुणाचा मामा होता, एवढंच विचारतो.

जर्मनीचा स्वेन ओट्के. ३४ लढती, ३४ विजय, पण समोरच्याला संपवलं फक्त सहा वेळा. बाकी सगळा कागद, आणि तो कागद जर्मनीत लिहिलेला. २००३ मध्ये इंग्लंडच्या रॉबिन रीडशी झालेल्या त्याच्या लढतीवरून लोक अजून भांडतात. याचे मार्क कापा, माझी हरकत नाही. आता जपानचा नाओया इनोउए. हाही बहुतेक घरीच लढतो. पण २०२४ मध्ये टोकियो डोममध्ये मेक्सिकोच्या नेरीने त्याला पहिल्याच फेरीत खाली बसवलं, तो उठला आणि सहाव्या फेरीत नेरीला संपवलं. इथे कुठला मामा? याचे मार्क का कापायचे?

वेल्सचा जो कॅल्झाघी. त्याला लोक घरकोंबडा म्हणायचे. २००७ मध्ये डेन्मार्कचा अजिंक्य केसलर कार्डिफला आला, पन्नास हजार माणसांसमोर कॅल्झाघीने त्याला हरवलं. तरी घरकोंबडाच! पुढच्या वर्षी, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो लास वेगासला गेला. अमेरिकेच्या हॉपकिन्सने पहिल्या फेरीत पाडलं, तरी तीनपैकी दोन पंचांनी याला जिंकवलं. मग सगळे थोर म्हणायला लागले. माझं म्हणणं, तो कार्डिफलाच थोर ठरला होता. विमानाचं तिकीट म्हणजे गुणपत्रिका नव्हे.

आणि हे जाणं-येणं ठरवतो पैसा. दोघांचं जमलं नाही तर आयोजकांची बंद पाकिटातून बोली लागते, ज्याची बोली मोठी तो जागा ठरवतो. अली १९७४ मध्ये फोरमनशी लढायला आफ्रिकेत किन्शासाला गेला तो पुण्य मिळवायला नव्हे, दोघांना प्रत्येकी ५० लाख डॉलर होते. यात्रेतसुद्धा पैलवान इनाम विचारूनच येतो. हां, युक्रेनचा उसिक मात्र वेगळा. २०१८ या एका वर्षात तो लॅटव्हियाच्या ब्रीडिसशी रिगात, रशियाच्या गासिएव्हशी मॉस्कोत आणि इंग्लंडच्या बेल्यूशी मँचेस्टरमध्ये लढला. तिघंही आपापल्या देशात होते. पहिल्या दोन लढती तर त्याने कागदावर जिंकल्या. परगावी कागदावर जिंकणं म्हणजे काय, ते मला विचारा. याला वरचे मार्क द्या. पण त्यासाठी ते इनोउएच्या खात्यातून काढू नका.

झालंच, दुसरी चिठ्ठी नको. पार्कचं राहिलं. २०२३ मध्ये तो अमेरिकेत पेन्सकोलाला, जोन्सच्या गावी गेला आणि सोलचं सुवर्णपदक त्याच्या हातात ठेवलं. ३५ वर्षांनी, समुद्र ओलांडून. इथून विजापूर शंभर किलोमीटर आहे. मी गेलेलो नाही. जाऊन विचारणार काय? त्या दिवशी पुकारणाऱ्याने त्याचं नावच घेतलं नव्हतं. ‘विजापूरचा पाहुणा’ एवढंच म्हणाला होता.